‘तर’च्या आधीचे शब्द

वसंतअण्णांना फसवलं ते उणकलच्या, जमिनीचे प्लॉट पाडून विकणाऱ्या लेआऊटवाल्याने, आणि त्याची शिक्षा अण्णांना दिली मी. गेल्या महिन्यात धारवाडहून त्यांच्या मुलीचा, सुमाअक्कांचा फोन आला, “अण्णा गेले”... तेव्हा आमचं बोलणं बंद होऊन वर्ष झालं होतं.

अण्णा शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्तीनंतर रोजचा वारा वहीत टिपून ठेवायचे. मी अमरगोळच्या मार्केटातला मिरचीचा व्यापारी, शून्यातून वर आलेला. मिरची वाळवणाऱ्याला वारा शिकवू नका, असं त्यांना तोंडावर सांगायचो. एका नोव्हेंबरात ते मला उणकलपलीकडे, दोन टेकड्यांमधल्या खोलगट जागेत घेऊन गेले आणि हातात पेटती उदबत्ती दिली. वर ढग पूर्वेकडून पश्चिमेला चाललेले. हातातला धूर मात्र आग्नेयेकडे, जवळजवळ उलटा. मला वाटलं, मीच उदबत्ती वाकडी धरलीय.

“दोघांत खोटं कोण, अण्णा?”

“कोणीच नाही. खाली तमिळनाडूकडे समुद्रावर दाब कमी झालाय. वरचा वारा मोकळा, पृथ्वी फिरते म्हणून तो त्या कमी दाबाला वळसा घालतो. हा खालचा टेकड्यांनी धरलेला. वळायला जागा नाही, म्हणून दरीच्या वाटेने तिकडेच धावतो. तुझ्यासारखा... घाईत.”

पुढे कित्येक दिवस मी ढग आणि चुलींचे धूर ताडून बघत होतो. इतक्या लांबच्या समुद्रावरचा दाब आमच्या एवढ्याशा खळग्यातला धूर ओढतो, हे पुन्हा पुन्हा खरं निघालं.

त्याच जागेवर लेआऊट पडला. पत्रकावर अण्णांच्या नावाने छापलं होतं, ‘इथे वारा कायम खेळता राहतो.’ त्या शब्दावर विसंबून मी घासाघीस करून प्लॉट घेतला, घर बांधलं. मग लेआऊटवाल्याने वायव्येच्या तोंडावर उंच भिंत घातली. हिवाळ्यात कोणी कचरा जाळला की धूर घरात साचून राहू लागला, बायकोचा खोकला थांबेना. मी तडक धारवाड गाठलं आणि अण्णांच्या व्हरांड्यात ओरडलो, नाव केवढ्याला विकलंत म्हणून. अण्णांनी एवढंच विचारलं, “भिंत नेमकी कुठे घातलीय रे?” मी चपला घालून निघालो.

तेराव्याला सुमाअक्कांनी अण्णांनी लेआऊटवाल्याला लिहिलेल्या पत्राची झेरॉक्स माझ्यापुढे ठेवली. ‘वायव्येचं तोंड उघडं ठेवलंत, तर इथे वारा कायम खेळता राहतो.’ अक्का म्हणाल्या, “तुम्ही भांडून गेल्यावर ते बसने दोनदा ती भिंत बघून आले. तुमच्या दारापर्यंत गेले... बेल नाही वाजवली.”

अक्कांची मी माफी मागितली. अण्णांची राहिली ती राहिलीच. पण ते पत्रक अजून वाटलं जातंय, आणि लेआऊटवाले साहेब, हे ज्यात छापलंय ती वर्तमानपत्राची पुरवणी तुमच्याकडेही येते. ‘तर’च्या आधीचे शब्द कुणी कापले? आधी ती भिंत पाडा, मग धारवाडला या आणि अक्कांसमोर बसून सांगा. दिवस तुम्ही ठरवा. मी तिथे असेन.