बाळ लहान राहावं म्हणून

माहेरी आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही मी जुईनगरलाच राहिले आणि साताऱ्याकडच्या गावाहून सासूबाई माझं करायला आल्या. आल्या त्याच दिवशी त्यांनी माझ्या ताटातली अर्धी भाकरी उचलली. पोटुशीनं पोटभर खाल्लं की बाळ मोठं होतं आणि अडतं, असं त्यांचं ठाम मत. एकदा मी शेंगदाणे खाताना सापडले, तर त्यांनी माझं मनगट असं पिरगळलं की बांगडी फुटून हातात घुसली. नवरा भाजी मार्केटात हमाल, दिवसभर पाठीवर पोती. तो माझ्यासमोर बसून भाकऱ्या रेटायचा आणि म्हणायचा, आईला जास्त कळतं. दोघांचाही गळा धरावासा वाटायचा.

मुलगी महिनाभर आधीच झाली. कातडी लोंबत होती, रडायचं त्राण नव्हतं. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. काय खात होतीस, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. मग त्यांनी नवऱ्याला तिथंच फैलावर घेतलं. लवकर झालेलं बाळही इतकं बारीक नसतं, हे पोटात उपाशी राहिलंय, जगेलच असं सांगता येत नाही, म्हणाल्या.

तो तडक व्हरांड्यात गेला. आईचा अंबाडा धरून त्यानं तिला भिंतीवर आपटलं, वॉचमन धावत येईपर्यंत आपटत राहिला. मी पोट धरून दारात उभी होते. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

सासूबाईंनी हात वर केला नाही. ओठाचं रक्त पदरानं पुसलं.

"तुज्या आदी एक व्हता," त्या म्हणाल्या. "थोराड. अडून बसला. दवाखाना डोंगरापल्याड. सुईणीनं तुकडं करून काढला त्याला. तुज्या टायमाला म्या अर्ध्या भाकरीवर राह्यले, म्हून तू हायस."

मला त्यांची कीव आली, पण राग तसूभरही कमी झाला नाही. इथं दवाखाना रिक्षाच्या अंतरावर होता. इथं अडलं तर पोट फाडून बाळ काढतात, हे त्यांना समजावून सांगायची तसदी आम्ही कुणीच घेतली नव्हती.

पुढं पोरगी पेटीबाहेर आली, माझ्या कुशीत. पण मध्येच श्वास घ्यायला विसरायची. तशी निळी पडली तर पायाच्या तळव्यावर जोरात टिचकी मारायची, असं सिस्टरनं शिकवलं होतं. एका दुपारी वॉर्डात ती नवऱ्याच्या हातात असताना निळी पडली. मी सिस्टरला हाक मारली आणि त्याला म्हटलं, मारा. आईला भिंतीवर आपटणारा तो हात एवढ्याशा तळव्यावर उठेना.

मी तिचा पाय ओढून घेतला आणि टिचकी मारली. काही नाही. मग होता नव्हता तेवढा राग बोटात आणून मारली. ती किंचाळली.

"अगं, हळू," नवरा रडत म्हणाला.

मी आणखी एक मारली.