इंजिनातला लाल धागा

आमच्या गाडीच्या इंजिनाला मी लाल धागा बांधला आणि त्याबद्दल माझं कौतुक झालं. पुढचं सगळं त्या कौतुकामुळं झालं.

दसऱ्याच्या सकाळी गाडी धुवायचं काम माझ्याकडं होतं. बाबांची ही गाडी माझ्यापेक्षा तीनच वर्षांनी लहान आहे. नुसती बाहेरून धुतली तर काय विशेष, म्हणून मी एका परदेशी माणसाचा व्हिडिओ लावून बॉनेट उघडलं. आधी सेन्सरचा कनेक्टर काढा, असं तो म्हणाला. त्यानं अलगद काढला. मी ओढला. टक् असा आवाज झाला आणि कनेक्टरचं लॉक, म्हणजे प्लॅस्टिकची नखाएवढी पट्टी, माझ्या हातात आलं. कनेक्टर परत बसला, पण हलत होता. पूजेच्या ताटात लाल धागा होता. मी चार वेढे देऊन गाठ मारली आणि पट्टी पर्समध्ये टाकली.

तेवढ्यात बाबा आले आणि आत वाकून बघायला लागले. मला वाटलं, संपलं आता. तर त्यांनी आईला हाक मारली. "अगं, इकडं ये. इंग्लिश शाळेत घातली म्हणून बोलत होतीस ना? बघ, पोरीनं इंजिनाचीसुद्धा पूजा केली!"

त्यांनी स्वतः त्या गाठीवर हळदकुंकू वाहिलं. संध्याकाळी सोनं द्यायला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला बॉनेट उघडून दाखवलं. मी शेजारी उभी राहून नम्रपणे हसत होते. एरवीही मी कमीच बोलते, त्यामुळं कुणाला काही वेगळं वाटलं नाही.

महिन्याभरात गाडी चालता चालता बंद पडायला लागली. पिशोरला शेतावर जाताना खड्ड्यात आदळली की हमखास. गॅरेजवाल्यानं प्लग बदलले, फिल्टर बदलला आणि हात टेकले. मग बाबांनीच निदान केलं. जेवताना म्हणाले, "गाडीचं काही नाही. माझाच पाय आता क्लचवर नीट पडत नाही. वय झालं." रविवारी करमाडचा एक माणूस गाडी बघायला येणार होता. वीस-बावीस वर्षं जिला रोज फडकं मारलं, ती गाडी बाबा विकायला निघाले होते, आणि ड्रायव्हिंगही सोडणार होते.

मी भाकरी चावत राहिले. खरं सांगायचं वाक्य मनात तयार झालं, पण ते इंग्रजीत होतं. त्याचं मराठी करेपर्यंत बाबा हात धुवायला उठले होते.

शनिवारी एवढंच म्हणू शकले, की एकदा वायरिंगवाल्याला दाखवू.

गारखेड्यातले हे वयस्कर वायरिंगवाले, बाबा त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी टेस्टर लावून एकेक वायर तपासली. धाग्यापाशी आल्यावर हात मागं घेतला.

"साहेब, ये पूजेचा धागा. मी नाय हात लावणार."

"गॅरेजवालाही तेच म्हणाला. राहू द्या उस्ताद, चालवणाराच थकलाय." बाबा हसत म्हणाले. ते हसणं मला बघवेना.

"पूजेचा नाहीये," मी म्हणाले.

उस्तादांनी कानामागं हात धरला. "क्या बोली बेटी?"

"पूजेचा नाहीये. लॉक तुटलं. माझ्याकडून. म्हणून बांधला." आणि पर्समधून ती पट्टी काढून दाखवली. इतके दिवस ती का जपली होती, देव जाणे.

उस्तादांनी पट्टी बघितली, धागा बघितला. "या अल्ला! और मैं अदब करके खड़ा!"

धागा कापला. त्यानं आत चांगली ओल धरून ठेवली होती. पिना हिरव्या पडल्या होत्या, वर पिवळा थर. "हल्दी भी खिलाए इसको?" उस्तादांनी विचारलं. हळद बाबांची होती, म्हणून मी गप्प बसले.

उस्तादांनी बॅटरीची तार सोडली आणि डब्यातून तसाच कपलर शोधून काढला. मी ज्याला कनेक्टर म्हणत होते, त्याला इथं सगळे कपलर म्हणतात. एक वायर कापायची, त्याच रंगाची जोडायची, सोल्डर करायची, वर नळी चढवायची, मगच दुसरी. "सगळ्या एकदम कापल्या की मग रडायचं," ते मला म्हणाले. माझा स्वभाव त्यांनी एव्हाना ओळखला होता. शेवटी पिना साफ करून नवा कपलर दाबला. टक्. या वेळचा आवाज बरोबर होता.

बाबा बॉनेटखाली वाकले. "म्हणजे क्लच..."

"क्लच बरोबर, साहेब. पाय भी बरोबर."

परतताना बाबांनी एकही खड्डा चुकवला नाही. गाडी बंद पडली नाही. घरासमोर थांबून त्यांनी करमाडला फोन लावला. "गाडी द्यायची नाही. चालवणारा ठीक निघाला." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. बाबा ऐटीत म्हणाले, "बिघाड कुणी शोधला? आमच्या पोरीनं!"

"केलाही तिनंच, सांगा त्यांना," मी म्हणाले. फोनमध्ये जाईल इतक्या मोठ्यानं.