वन्संचा मेडिक्लेम

१४ जुलै २००२, रविवार. वन्संचा मेडिक्लेमचा फॉर्म भरायचा होता.

मिस्टरांच्या ऑफिसात बायको-मुलांचा विमा होता. बहीण त्यात बसत नव्हती. वन्सं, म्हणजे माझी अविवाहित नणंद, आमच्याकडेच राहायच्या आणि मनवेलपाड्याच्या एका खाजगी बालवाडीत शिकवायच्या. तिथे पगाराखेरीज काही मिळत नसे. विम्याचा विषय त्यांनीच काढला. "वहिनी, उद्या मला काही झालं तर दादाला भुर्दंड नको." मी दोन कंपन्यांची माहितीपत्रकं आणली, कशात काय मिळत नाही ते आधी वाचलं आणि एक पॉलिसी ठरवली. खालच्या मजल्यावरचा एजंट संध्याकाळी चहाला आला.

नाव, पत्ता, पूर्वीचे आजार भराभर लिहून झाले. वयापाशी वन्सं म्हणाल्या, "एक्केचाळीस."

"मग काय, पंचेचाळीसच्या आत! ईसीजी नाही, रक्त नाही, काही नाही," एजंट खूश झाला. "फक्त शाळेचा दाखला द्या, टीचर."

"तो गावी राहिलाय."

दाखला गावी नव्हता. माझ्या कपाटात होता आणि त्यावरून वन्सं सत्तेचाळीसच्या होत्या. सासऱ्यांनी त्यांच्यासाठी स्थळं बघताना सहा वर्षं कमी केली होती. तेव्हा बरेच जण करत. लग्न जमलं नाही, सासरे गेले, ती सहा वर्षं मात्र कुणी परत लावली नाहीत.

खोटं वय घातलं तर पुढे क्लेम अडकणार, हे मला दिसत होतं. वन्संना आत बोलावून सांगायचं, एवढंच काम होतं. मी दाखला आणून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "पुरे झालं, वन्सं. आता कोण बघायला येणार आहे तुम्हाला?"

एजंट हसला. "काकू, तुम्ही म्हणजे अगदी..."

मीही हसले. वन्संनी फॉर्मची नीट घडी घातली, कपबशा उचलल्या आणि त्या आत गेल्या.

दोन-तीन तपासण्या झाल्या असत्या, हप्ता थोडा जास्त बसला असता. त्यापलीकडे काही बिघडणार नव्हतं. बिघडवलं ते मी. विमा त्यांनी काढला नाही. मिस्टरांनी समजावलं, मी दोनदा माफी मागितली. "राहू दे हो वहिनी, मला काय धाड भरलीय," एवढंच म्हणायच्या. तीन वर्षांनी पित्ताशयाचं ऑपरेशन करावं लागलं तेव्हा त्यांनी पाटल्या मोडल्या आणि आम्हाला तारीख पक्की झाल्यावर सांगितलं. मी रोज डबा नेत होते. भाजी छान झालीय, असं त्या रोज म्हणायच्या.

त्या रविवारी मात्र मला वाटत होतं, सकाळपर्यंत राग जाईल. सोमवारी सकाळी वन्सं माझ्याशी न बोलता बालवाडीत गेल्या. मी खाली जाऊन एजंटची बेल वाजवली आणि म्हटलं, "टीचरच्या वयाचं बिल्डिंगमध्ये कुठे बोलू नका हं."

दाढीचा साबण तोंडावर तसाच होता त्याच्या. "काकू, बायकोला कालच सांगितलं हो. तिने पुढे कुणाला सांगितलं असेल, तर माहीत नाही."

मी त्याच्याकडून एक कोरा फॉर्म मागून घेतला आणि जिना चढून वर आले.