उशिरा फुटणारा आकडा

माझी आत्या छापखान्यात पावतीपुस्तकांवर नंबर घालते. कागद सरकवायचा, दांडा दाबायचा, की छोटी दातेरी चाकं फिरून पुढचा आकडा उमटतो. बोटांची शाई सुट्टीच्या दिवशीही निघत नाही. आकडा दिसला की फोडायचा, ही खोड तिला आणि धाकट्या काकाला लहानपणापासूनची. एका पांघरुणात पडून दोघं एकमेकांना संख्या घालायची: कशाने भाग जातो, सांग. पुढे भागच जात नाही अशा मूळ संख्या हाती आल्या की डाव संपला.

काका परदेशी गेला त्याला बरीच वर्षं झाली. रविवारी दुपारी त्याचा फोन येतो. ख्यालीखुशाली दोन वाक्यांत उरकते, मग आत्या आकडा घालते. काका तो तोंडीच फोडतो आणि म्हणतो, "चल ताई, ठेवतो." आकडा जितका चिवट, तितका वेळ काका फोनवर. आत्याला एवढंच हवं असतं.

म्हणून या खेपेला तिने आठवडाभर डोकं शिणवलं. काका दोनपासून वर चढत जातो, हे तिला पाठ. तेव्हा आकड्याचे दोनच तुकडे हवेत, दोन्ही मूळ संख्या, दोन्ही मोठ्या, एकमेकींच्या तोडीच्या. काम करताना तिचे ओठ हलताना पाहून मालक म्हणाले, मोजायचं काम मशीनचं, बाई, तिच्या पोटावर का पाय देता?

रविवारी मी तिच्याकडेच होते. पाठीशी उशी घेऊन तिने ऐटीत आकडा घातला: सात लाख सत्त्याहत्तर हजार नऊशे तेवीस. पलीकडे काका तीन, सात, अकरा असं पुटपुटू लागला. आत्या डोळे मिटून ते पुटपुटणं ऐकत राहिली. आणि काका मध्येच हसला.

"यात एक मिळवला की आठशे ब्याऐंशीचा वर्ग होतो, ताई. म्हणजे आठशे एक्क्याऐंशी गुणिले आठशे त्र्याऐंशी. फसलीस की."

तुकडे मोठे घेण्याच्या नादात तिने ते इतके शेजारशेजारचे घेतले होते, की मधल्या संख्येचा वर्ग समोरच उभा होता. खालून चढायची गरजच उरली नव्हती.

"चल," काका म्हणाला आणि अडला. "एवढा अवघड कशाला शोधलास गं?"

"तू लवकर ठेवतोस म्हणून."

पलीकडे कुणीतरी त्याला हाक मारली, आम्हाला न कळणाऱ्या भाषेत. काका त्याच भाषेत काही म्हणाला. थांबा, असा सूर होता. दार लागल्याचा आवाज आला.

"बोल, ताई."

आत्या सरसावून बसली. तो तिकडे कशावर झोपतो, कपडे कुठे वाळत घालतो, हेही तिला माहीत नव्हतं. फोन तिने दोन्ही हातांत धरला होता. इतक्या वर्षांत आज प्रथमच काकाला घाई नव्हती, आणि तिला पहिलं वाक्य सापडत नव्हतं.