वळणावरचा चौथरा

माझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात पहिलं नाव मोठ्या भावाचं आहे. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्यावर बोट ठेवून विचारलं होतं, "हे कुठल्या कॉलेजात असतात?"

"कॉलेजात नाहीत, सर. गवंडी आहेत."

"मग सार्वजनिक भाषणाच्या अभ्यासात त्यांची काय मदत झाली?"

"त्यांना बोलता येत नाही, सर," एवढंच मी म्हणाले. परीक्षक सज्जन होते. त्यांनी मान डोलावली आणि पुढचं पान उलटलं. तेव्हा मला त्यांना जे सांगता आलं नाही ते इथे लिहिते आहे.

आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला. एसटी खाली डांबरी रस्त्यावर सोडते, तिथून अर्धा तास चढण. घरं तीसेक, आणि निम्म्याहून जास्त घरांतले पुरुष मुंबईला. दादाला जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळे बोलणंही आलं नाही. शाळेत दुसरीपर्यंत त्याला मागच्या रांगेत बसवून ठेवलं. मग मास्तरांनीच वडिलांना सांगितलं की याला शेतावर न्या, इथे उगाच बसून असतो. मी पोलादपूरच्या हायस्कुलात जायला लागले तोवर दादा एका गवंड्याच्या हाताखाली तयार झाला होता. पावसात ओढा भरला की माझं दप्तर त्याच्या डोक्यावर आणि मी त्याच्या पाठीवर. वडील गेल्यावर माझं पुढचं शिक्षण, महाडचं कॉलेज, एम.ए., सगळं त्याच्या थापीवर झालं. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली.

घरात आमची खुणांची भाषा होती. नाकाशी नथीसारखी चिमूट धरली की आई. तळहातावर बोटाने गिरवलं की मी. आणि हवेत थापी मारल्यासारखा हात केला की त्याचा जोडीदार. हा जोडीदार खालच्या बौद्धवाडीतला. दोघं दहा वर्षं एकाच परांचीवर उभे राहिले होते. दादाचं बोलणं माझ्यापेक्षाही त्याला जास्त कळायचं. कामावर दोघं एका डब्यात जेवत, पण आमच्या घरी तो आला तर अंगणातच थांबे. आई पाणी वरून ओंजळीत घाली. हे मी लहानपणापासून बघत होते, आणि बघून बघून ते मला दिसेनासं झालं होतं.

महाडच्या कॉलेजात मला नोकरी लागली. मी मराठी शिकवायची, वक्तृत्व स्पर्धांची मुलं तयार करायची, आणि विद्यापीठात नाव नोंदवून गावसभेतल्या बोलण्यावर संशोधन करायची. माझी खोली चवदार तळ्याच्या जवळ होती. याच रस्त्याने माणसं पाण्याच्या हक्कासाठी चालत गेली होती, हे मुलांना सांगताना माझा आवाज भरून यायचा. मुलं शांत व्हायची. मला वाटायचं, मी चांगलं शिकवते.

त्या मे महिन्यात वाडीत पाण्याची योजना आली. वरच्या झऱ्यावर टाकी, तिथून पाइप आणि ठरावीक अंतरावर पाच नळ. टाकी दादाने आणि जोडीदाराने मिळून बांधली. चार नळांच्या जागा ठरल्या होत्या. पाचव्याची ठरायची होती. आमच्या अंगणाचा कोपरा, नाहीतर तिथून खाली बौद्धवाडीची पायवाट फुटते ते वळण. मुंबईकर मेमध्ये गावी येतात, तेव्हाच गावकी बसते, म्हणून मीही मुद्दाम आले. चढणीवर त्या वळणाशी नवा दगडी चौथरा दिसला. चढणीवर ओझं टेकायला कुणीतरी बांधला असेल असं समजून मी त्यावर बॅग टेकली, दम घेतला आणि वर आले.

आमच्या गावकीची एक रीत आहे. देवळात पुरुष ठरलेल्या जागी बसतात. प्रश्न मांडला की म्हातारे गावप्रमुख एकेका घराला हाक देतात, "वडाकडचं घर?" त्या घरातल्या कर्त्याने मोठ्याने म्हणायचं, "कबूल." गप्प राहणाऱ्याचं घर धरत नाहीत. दादा कर्ता असूनही वडिलांमागे आमच्या घराचं "कबूल" चुलते म्हणत. दादा बाहेर चपलांपाशी बसायचा. बायका पायरीवर.

त्या दिवशी मी पायरीवरून उठले आणि बोलायची परवानगी मागितली. मुंबईच्या मंडळींना कौतुक वाटलं. "बोल गो पोरी. प्रोफेसर झालीस, ऐकू दे आमाला पन."

मी बोलले. जे जे मुलांना शिकवत होते ते सगळं वापरलं. आधी आवाज खाली, मग थांबणं, मग दादाकडे हात. तुमची टाकी याने बांधली. याला तहान लागते, पण पाणी मागायला शब्द नाही. जो मागू शकत नाही त्याच्या दारात पाणी आपण होऊन गेलं पाहिजे. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. गावप्रमुखांनी खांद्यावरच्या पंच्याने डोळे पुसले. एक-एक घर "कबूल" म्हणत गेलं, आणि पाचवा नळ आमच्या अंगणात आला.

"काय बोललीस गो!" चुलते म्हणाले. "भावाचं पांग फेडलंस."

दादाने सगळं पाहिलं होतं. माणसं रडताना, माझा हात त्याच्याकडे, आणि मग सगळ्यांच्या माना आमच्या घराकडे. सभा संपल्यावर त्याने माझं मनगट धरलं आणि मला उतारावरून त्या वळणापाशी नेलं. चौथऱ्याला मागच्या बाजूने सांडपाण्याची पन्हळ होती. मधोमध पाइपाला गोल भोक ठेवलेलं. कडेला हंडा टेकवायला दोन खाचा. त्याने तळहातावर गिरवलं, म्हणजे मी. मग तोच तळहात स्वतःच्या तोंडावर दाबून धरला.

मला कळलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. अर्धं कळलं. पण मी मनाची समजूत घातली की राग आहे, ओसरेल.

ओसरला नाही. दादा अंगणातल्या नळाचं पाणी घेईना. पहाटे उठून वर झऱ्यावर जायचा आणि स्वतःपुरती कळशी आणायचा. आई फोनवर वैतागायची, "दारात गंगा आलीय आन ह्यो डोंगर चढतोय. तूच समजाव त्याला. तुजं आयकतो." फोनवर ऐकणाऱ्यातला तो नव्हता, हे आईच्याही लक्षात यायचं आणि ती फोन ठेवायची.

इकडे मी ते भाषण प्रबंधात घातलं होतं. नाव न देता, गावसभेतल्या यशस्वी आवाहनाचा नमुना म्हणून. माझ्या मार्गदर्शक बाई फार कमी बोलत. त्यांनी प्रकरण परत दिलं तेव्हा समासात पेन्सिलीने एकच ओळ होती: 'ज्याच्यासाठी हे भाषण झालं त्याला आधी कुणी विचारलं होतं का?'

मी त्यांच्यासमोर बसले होते. बाईंना माहीत नव्हतं की भाषण करणारी मीच. मी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मग विचारून या. प्रकरण थांबू शकतं."

त्या शनिवारी गेले. दादा आणि जोडीदार वाडीतच एका घराची भिंत उचलत होते. मी खाली विटांवर बसले आणि जोडीदाराला म्हटलं, मला दादाला विचारायचंय, चुकलं तर तुम्ही सांगा.

"आता इचारताय व्हय, ताई?" तो हसला, पण ओळंबा हातातच धरून. "आमी दोघांनी ठरवलं होतं. नळ वळनावर. वरच्या बायकांना चार पावलं उतरायचं, आमच्या बायकांना दरीतली हीर नको. चौथरा ह्यानंच बांधला, दोन रविवार. मी म्हनलो, आदी गावकीला इचार. तर ह्यो म्हनला," त्याने दादाची खूण करून दाखवली, दोन्ही हातांनी दगड ठेवल्याची, "आदी बांधू, दिसलं की कलंल."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुमी भाषानात होता."

दादा वरून बघत होता. त्याने परांचीवरून खाली येऊन माझ्या हातात विटेचा तुकडा दिला आणि बाजूला बोट केलं. सरक, तू मालावर बसलीस. मी सरकले. त्या दिवसात तेवढंच हसू आलं आम्हाला.

पुढच्या मेमध्ये गावकीपुढे प्रश्न होता, आमच्या अंगणातला नळ पक्का करून भोवती ओटा बांधायचा. मी यावेळी एकच विनंती केली, तीही आधी गावप्रमुखांच्या घरी जाऊन. "आजोबा, होकार आवाजाने नको, हात वर करून घ्या. आणि आमच्या घरातून दादाला बसू द्या."

ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. "चुलता हाय की तुजा."

"चुलत्यांचं घर वेगळं, आजोबा."

"ते बी खरं."

सभेत कुजबुज झालीच. मुंबईचा एकजण म्हणाला, "अरे, ये क्या इलेक्शन है?" चुलते दुखावले होते, माझ्याकडे बघेनात. दादा मात्र धुतलेला सदरा घालून वडिलांच्या जागी येऊन बसला. मी पायरीवर, आईशेजारी.

गावप्रमुखांनी हाक दिली की हात वर जात होते. वडाकडचं घर. मधलं घर. मग त्यांनी दादाकडे बोट केलं, आमच्या अंगणाकडे केलं आणि स्वतःचा हात वर करून दाखवला.

दादाचे हात गुडघ्यांवर होते. तिथेच राहिले.

"मुक्याला कलला नसंल," कुणीतरी म्हणालं. "धरा होकार."

माझ्या घशाशी अख्खं भाषण आलं होतं. दादाने पायरीकडे पाहिलं, थेट माझ्याकडे. मी पदराचा बोळा तोंडात धरला नाही एवढंच. मग त्याने गावप्रमुखांकडे तोंड वळवलं आणि सावकाश, दोन्ही खांद्यांपर्यंत, मान हलवली. नाही.

त्यात समजावून सांगण्यासारखं काही नव्हतं. दुभाषी लागत नव्हता. तीस घरांना एकाच वेळी कळलं.

"दारातलं पानी नको म्हंतोय?" चुलते न राहवून म्हणाले. दादाने हात उताराच्या दिशेने लांब केला, वळणाकडे.

बाकी घरं कबूल होती, त्यामुळे ठराव झाला. गावप्रमुख मात्र वहीवाल्याला म्हणाले, "लिव रे. एक घर नाकबूल."

वहीवाल्याने लिहिलं आणि थांबला. "कर्त्याचं नाव काय घालू? मुका घालू?"

"नाव घाल त्याचं."

"नाव..." त्याने माझ्याकडे पाहिलं. "काय गो ह्याचं नाव?"

मी सांगणार होते. मग दादाकडे बोट केलं. वहीवाल्याने जरा घुटमळत वही त्याच्यापुढे सरकवली. दादाने पेन थापीसारखं मुठीत धरलं आणि दुसरीपर्यंतच्या शाळेत शिकलेली तीन अक्षरं लिहिली. मधलं उलटं पडलं. ते त्याला कळलं. त्याने ते खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि वही चुलत्यांना नेऊन दाखवली. चुलत्यांनी चष्मा लावून वाचलं आणि त्याला शेजारी बसायला जागा केली.

नळ त्या वर्षी वळणावर गेला नाही. आमच्या अंगणात ओटा झाला, आणि तो बांधायला दादाने नकार दिल्याने खालून दुसरा गवंडी आणावा लागला. आईने त्या पावसाळ्यात जोडीदाराला पाणी तांब्यात दिलं. कुणी सांगितलं म्हणून नाही. का दिलं ते तिने मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मी प्रकरण नव्याने लिहिलं. त्यानंतर इतकी वर्षं मी शिकवते आहे, अपंगत्व आणि जात या दोन्ही विषयांवर बोलायला मला लांबलांबून बोलावणं येतं. वर्गात कुणी कुणाच्या वतीने भाषण लिहून आणलं की मी बाईंचा तोच पेन्सिलीचा प्रश्न विचारते. मुलं कंटाळतात. विचारते.

त्या सभेनंतर तीन वर्षांनी सरकारी योजनेतून पाइप खाली बौद्धवाडीपर्यंत गेला. त्यात आमचं काही कर्तृत्व नव्हतं. ठेकेदाराची माणसं एक नळ बसवायला वळणाशी थांबली तेव्हा त्यांनी चौथरा पाहिला, भोकात पाइप घालून बघितला. तो बरोबर बसला. नव्याने काही बांधावं लागलं नाही.