सोर्स कोड एस्क्रोला मीच ‘नको’ म्हटलं होतं

मंडळी, आज मला तुमची मदत हवीय.

इथे अमेरिकेत, हर्नडनमध्ये, घरोघरी नर्स पाठवणाऱ्या एका छोट्या एजन्सीचं आयटी मी बघतो. कुठल्या पेशंटकडे कोण जाणार, कुठलं औषध द्यायचं, सगळं एकाच सॉफ्टवेअरवर. सकाळी ते बंद पडलं. बनवणाऱ्या कंपनीतल्या एका इंजिनिअरला फोन केला, तर तो म्हणाला, “कंपनी बंद झाली. कोड मालकाकडे आहे आणि तो कुणाचाच फोन घेत नाही.”

विकत घेताना एस्क्रोचा पर्याय होता. थोडे जास्त पैसे भरले की कोडची, म्हणजे मूळ प्रोग्रामची, प्रत तिसऱ्याकडे राहते, कंपनी बुडाली तर आपल्याला मिळते. आमच्या हेड नर्स सुनंदाकाकू म्हणाल्या होत्या, “घेऊन टाक रे.” मी हसून म्हटलं, “काकू, उगाच खर्च कशाला?”

आज काकूंनी सरळ फोन हातात घेतला. आठवतील त्या पेशंटना फोन करत राहिल्या. इन्सुलिन घेणारे एक आजोबा फोन उचलेनात, म्हणून काकूंना घेऊन मीच ड्राइव्ह करत गेलो.

आजोबांनी दार उघडलं. म्हणाले, “मला वाटलं, मला विसरलात.”

उद्याची यादी अजून आमच्याकडे नाही. कुणी अशा बंद सॉफ्टवेअरमधून डेटा बाहेर काढलाय का? प्लीज सांगा.