पंचाच्या नाचाबद्दलची चर्चा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरी नाही, कार्यालयात तर नाहीच.

लोणखेड्याच्या मैदानावर शाळकरी मुलांची बेसबॉल स्पर्धा होती. मी बातमीसाठी गेलो होतो. शहाद्याचा संघ, समोर डोंगरातल्या मोलगीचा. पंच होते भटू सर. सपाटीवरच्या एका शाळेत खेळाचे शिक्षक, पूर्वी काही वर्षं मोलगीला नोकरी केलेले. डाव बदलताना भोंग्यावर गाणं लागायचं आणि सर तोंडावरची जाळी डोक्यावर सरकवून, फलंदाजीला येणाऱ्या पोरांबरोबर नाचायचे.

"देख रे, पंच बी नाची ऱ्हायना!" माझ्या शेजारचा एक बाप ओरडला. हसत ओरडला — हे लक्षात ठेवा.

मला मात्र ते खटकलं. ज्याने निर्णय द्यायचा, त्याने पोरांच्या खांद्यावर हात टाकून नाचावं का? शेवटच्या डावात शहाद्याचा मुलगा धाव पुरी करायला होमप्लेटवर घसरत आला. सरांनी बाद दिलं. मोलगी जिंकली. आधी चेंडू पोचला की पाय? मी लांब मंडपात होतो, मला दिसलं नाही. तरी मनात आलं — जुनी ओळख, हा नाच, आणि हा निकाल?

संशय येणं वाईट नाही. बातमीदाराला तो यावाच लागतो. पण मग विचारावं लागतं. मी कुणाला विचारलं? कुणालाच नाही. शहाद्याच्या प्रशिक्षकाने निर्णय मान्य करून सरांशी हात मिळवला होता. सर शहाद्याच्या पोरांबरोबरही तितकेच नाचले होते. दोन्ही मी पाहिलं — आणि दोन्ही वगळलं. बातमीच्या शेवटी लिहिलं : 'मोलगीच्या मुलांसोबत नाचणाऱ्या पंचांच्या निर्णयाबाबत प्रेक्षकांत चर्चा होती.'

आमच्या धंद्यात हे वाक्य फार सोयीचं. आपलं मत लोकांच्या तोंडी घालता येतं. चर्चा नव्हती. निर्णयाबद्दल एकही माणूस बोलला नव्हता.

बातमी वाचून संयोजकांनी सरांना अंतिम सामना दिला नाही. सर मला भेटायला आले, चिडलेले नव्हते.

"भाऊ, कोन बोलना व्हता? नाव सांगा. मी जाईसन बोलस त्यासंगे."

"माहिती देणाऱ्याचं नाव आम्ही सांगत नाही, सर."

त्यांनी मान डोलावली. माझ्या तत्त्वाचा मान राखून ते निघून गेले.

पंचाने नाचू नये, असं मला आजही वाटतं. ते माझ्या नावाने लिहिता आलं असतं. का नाही लिहिलं? पोरांच्या खेळात काय खुसपट काढतो, म्हणून लोक हसले असते — एवढंच.

सर आता पुन्हा पंच म्हणून उभे राहतात. नाचत नाहीत. गाणं लागलं की हात मागे बांधतात. पोरं त्यांच्याकडे बघून थबकतात. सामन्याआधी त्यांची नजर पालकांच्या रांगांवरून फिरते, एकेका चेहऱ्यावर अडकत. तो बोलणारा कोण, हे ते अजून शोधतात. मग नजर माझ्यापर्यंत येते.

मला बघून ते हात करतात.